काळ्या वावरात पांढरा बगळा

बगळा पांढरा, वावर काळं, ऊन कडक. काढा फोटो. ज्यानं कधी काढला नाही त्याला वाटतं, ह्यात काय एवढं? उजेड भरपूर, पक्षी ठळक, पळूनबी जात नाही, ट्रॅक्टरच्या मागं मागं किडे टिपत फिरतो. आणि घरी येऊन बघावं तर बगळ्याच्या जागी नुसता चुन्याचा ठिपका. ना पंख, ना पीस. पिवळी चोच दिसते आणि खाली दोन काळ्या काड्यांचे पाय. च्यायला, मधला बगळा गेला कुठं?

बगळा कुठं जात नाही, मीटर चुकतं. कॅमेऱ्यातलं मीटर म्हणजे गावचा पंच. त्याला खरंखोटं काही ठाऊक नसतं, समोर जे दिसेल त्याची मधली मांडवली करायची एवढंच त्याचं काम. आमच्या पूर्णेकडची माती काळीभोर. फ्रेममध्ये सगळी मातीच माती आणि बगळा एवढासा. पंच म्हणतो, इथं तर अंधार आहे, वाढवा उजेड. उजेड वाढला की माती करडी होते आणि बगळा जळतो. जळतो म्हणजे त्याच्या पांढऱ्यातलं सगळं पुसून जातं. काळ्यात काही दडलेलं असेल तर कॉम्प्युटरवर ओढून थोडंफार वर आणता येतं. जळालेल्या पांढऱ्यातून काही निघत नाही, कारण तिथं काही उरलेलंच नसतं.

हे मला शिकवलं माझ्या वस्तादानं. पूर्णेत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता आणि मी तिथं काम शिकायला होतो. वस्ताद हैदराबादेत शिकून आलेले, तोंडात कायम पान आणि बोलणं दखनी. तेव्हा फिल्मचा जमाना. एक फोटो वाया गेला तर वस्ताद आईमाई उद्धारायचे. मी मीटरच्या काट्याकडं बघत बसलो की मागून टपली पडायची. “धूप को देख रे, परिंदे को नक्को देख!” ऊन काळ्यावरबी तेवढंच पडतं आणि पांढऱ्यावरबी तेवढंच. मग मोजायचं ते ऊन. निरभ्र उन्हात लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर सोळाचं, फिल्म ज्या आकड्याची त्याच आकड्याचं शटर, आणि समोर पांढरं असलं तर आणखी एक स्टॉप कमी. एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. झालं. मीटर बंद पडलेल्या कॅमेऱ्यावर मी ह्या हिशेबानं अख्खी लग्नं काढली आहेत.

लग्नं माझ्या पोटाची आणि बगळे माझ्या जिवाचे. सीझन नसला की मी कॅमेरा घेऊन रानात. बायको म्हणायची, सवत परवडली, निदान ती घरात तरी राहिली असती. पण तीच डबा बांधून माझ्यासोबत यायची. वस्ताद गेले, फिल्म गेली, डिजिटल आलं, आणि मी आळशी झालो. मागं स्क्रीन असते. काढा, बघा, अंधारं वाटलं तर वाढवा, पुन्हा काढा. उन्हाचा हिशेब कशाला करायचा? सगळेच असं करतात, मीबी करायला लागलो.

आणि लग्नात ते खपून जात होतं. आमच्याकडची लग्नं भर दुपारची. मंडपाबाहेर उन्हात पाहुणे उभे, अंगात पांढरे शर्ट, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, तोंडं रानात करपलेली. हासुद्धा काळ्या वावरातला पांढरा बगळाच. शर्ट सांभाळायला जावं तर तोंड काळं येतं, तोंड उजळावं तर शर्ट जळतो. पण गिऱ्हाइकाला शर्टाचं काय घेणं? अल्बम उघडला की पहिला प्रश्न, “नवरी गोरी आली का?” आमच्या धंद्यातला अलिखित कायदा आहे: शर्ट जळू द्या, तोंड गोरं येऊ द्या. चारठाण्याच्या देवळांत प्री-वेडिंगला पोरं-पोरी येतात, तीबी तेच सांगतात. मागं एवढं जुनं कोरीव काम, त्याचं कुणाला काही नाही. “काका, जरा गोरं करा.”

गेल्या दोन सीझनला माझी लय वाहवा झाली. “यंदा फोटो लय गोरे आले,” म्हणून लोक दुसऱ्या लग्नांची कामं घेऊन यायचे. जिंतूरचा एक फोटोग्राफर विचारायला आला की नवीन लेन्स घेतली का. मी मिशीवर ताव दिला. आपला हात आता बसला, असं मला मनातून वाटायला लागलं होतं. हसू येतं आता, आणि रडूबी.

हे सगळं उघडं पडलं ते दसऱ्याच्या सुमाराला. आमच्या गावातल्या एका खत-बियाण्याच्या दुकानदाराला नव्या वर्षाचं कॅलेंडर छापायचं होतं. त्याला ट्रॅक्टरच्या मागं उतरलेल्या बगळ्यांचा फोटो पाहिजे होता, आणि असा फोटो म्हणजे माझाच. मी माझ्या मते सगळ्यात चांगला निवडून दिला. आठवड्याभरात परभणीच्या छापखान्यातून फोन. छापणारा पोरगेला माणूस, पण आदबीनं बोलला.

“काका, ह्या फोटोत बगळ्याच्या जागी छापायला कायच न्हाई.”

“कायच न्हाई म्हणजे?”

“शाईच बसंना तिथं. कागद कोरा ऱ्हायलाय.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “तुझी मशीन भंगारात घाल,” म्हणलं, “माझ्या फोटोत खोट काढायलाय? तुझ्या बापाचं लग्न मी काढलंय!” त्याच्या बापाचं लग्न मी काढलं नव्हतं, पण तोंडाला आलं ते बोललो. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. दुसऱ्या दिवशी एसटीत बसून परभणीला गेलो भांडायला.

त्यानं काही वाद घातला नाही. चहा सांगितला आणि छापलेला नमुना टेबलावर पसरला. काळी माती उत्तम आली होती, ढेकळं मोजून घ्यावीत अशी. लाल ट्रॅक्टर झकास. आणि त्यामागं जागोजाग बगळ्याच्या आकाराची भोकं. खरोखरची भोकं नाहीत, पण बोट फिरवलं तर तिथं नुसता कागद लागत होता, शाईचा लवलेश नाही. मी तरी हार मानली नाही. तुझा कॉम्प्युटर खराब, तुझा कागद हलका, असं काय काय बोलून चहा न घेता निघून आलो. कॅलेंडरवर शेवटी दुसऱ्याच कुणी काढलेला कपाशीचा फोटो लागला.

घरी आल्यावर तेच तुणतुणं पोरीपुढं वाजवलं. माझी पोरगी माझ्याच स्टुडिओत बसते. अल्बम तीच लावते आणि लग्नात बायकांकडचे फोटोबी तीच काढते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मग माझा कॅमेरा उचलला, चालू केला आणि डोळे बारीक केले.

“पप्पा, ह्या स्क्रीनचा उजेड कुणी वाढवला? पार टोकाला नेलाय.”

“मीच. उन्हात दिसत न्हाई नीट.”

“आता आपण घरात हाव, पप्पा. आता कशी दिसायलीय?”

मी बघितलं. मला ती जरा अंधारीच दिसत होती. तसं मी सांगितलं आणि पोरीचं तोंड उतरलं. तिला लहानपणापासून मी असं बघितलं नव्हतं. हळूच म्हणाली, “मला डोळ्यात टोचायलीय. तुमाला ती अंधारी दिसती म्हणून तुमी फोटोचा उजेड वाढवायलाव. बगळे त्याच्यानं जळायलेत.”

मी कडाडलो. आजकालच्या पोरींना दोन बटणं दाबता आली की बापाचे डोळे तपासायला लागतात, वगैरे. आतून बायको आली. कमरेला पदर खोचलेला, हाताला कणीक. “मी कव्हापासून सांगायले,” ती म्हणाली, “तुमचे डोळे दाखवा म्हणून. सांगून सांगून तोंडाचा पट्टा झिजला माझा.”

तिचं खोटं नव्हतं. दोनेक वर्षांपासून मी दाराच्या चौकटीला खांदा लावून घेत होतो, पाण्याचा तांब्या लवंडत होतो. पण मला त्याचं नाव ठाऊक होतं: मोतीबिंदू. शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांचंबी तेच मत पडलं. “पिकू द्या,” म्हणाले, “कच्चा काढू नये, डोळा जातो.” माझ्या आईचा असाच पिकू दिला होता. पार पांढरा झाला तेव्हा शिबिरात नेऊन काढला, आणि म्हातारी मरेपर्यंत सुईत दोरा ओवायची. मग मला शंका कशाला येईल? ज्वारी, हरभरा, मोतीबिंदू, आमच्याकडं सगळं पिकल्यावरच काढतात. एक लग्नसराई गेली, म्हणलं अजून पिकला नसंल. दुसरी गेली. दवाखाना लांबला तेवढी कामं पदरात पडत होती आणि लोक म्हणत होते, फोटो लय गोरे.

पोरीनं नांदेडच्या दवाखान्यात नंबर लावला. तिथं एका अंधाऱ्या खोलीत मला यंत्रापुढं बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, हातात एक बटण दिलं. यंत्रावरची बाई म्हणाली, “काका, सरळ मधी बघायचं. आजूबाजूला कुठं बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं.” सोपं काम. उजेड बघण्यात माझा जन्म गेला. मी बसलो. मधे एक-दोन दिवे चमकले, दाबलं. मग काहीच नाही. मी वाट बघतोय. यंत्र आतून टिकटिक करतंय आणि दिव्याचा पत्ता नाही.

“बाई, मशीन बंद पडली का?” मी विचारलं.

“चालू हाय, काका. दिवे लागायलेत.”

मी पुन्हा बघितलं. पुन्हा अंधार आणि टिकटिक.  लग्नात ऐन मंगलाष्टकाला कॅमेरा अडकला तेव्हाबी मी असा घाबरलो नव्हतो. न दिसलेल्या दिव्यांसाठी मी दोनदा खोटंच बटण दाबलं. तीबी चोरी त्या यंत्रानं पकडली म्हणे.

डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं खात येतो. मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही.

“पिकला का मग? कधी काढायचा?” मी विचारलं. एवढं ऐकूनबी मी हेच विचारलं.

“काका, हा काढायचा नसतो. ह्याच्या पिकायची वाट बघायची नसते. थेंब घालून, लागलं तर ऑपरेशन करून, राहिलेली नजर टिकवायचा प्रयत्न करू. गेली ती परत येत नाही.”

दुसऱ्या कुणाला हे समजायला वेळ लागला असता. मला एका क्षणात समजलं. जळालं. कितीबी ओढा, आता त्यातून काही निघणार नाही. डॉक्टरनं तपासणीचा कागद समोर ठेवला, त्यावर दोन गोल होते, कडेनं काळे आणि मधे थोडे पांढरे. तो समजावून सांगत राहिला, मी मान हलवत राहिलो. मला फार भीती वाटत होती. साठीला टेकलेला माणूस मी, पण आईला हाक मारावी अशी भीती वाटत होती.

परतताना रेल्वेत बायको माझ्यासमोर बसली होती. लिंबगाव जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम फुटली. “पिकू द्या, पिकू द्या म्हणत बसलाव. आता खावा पिकलेलं!” डब्यातली माणसं बघायला लागली. तिनं पदर तोंडाला लावला आणि पूर्णा येईपर्यंत काढला नाही. मी तिच्या जागी असतो तर ह्याहून वाईट बोललो असतो.

दिवाळी कशीतरी झाली. दिवसातून ठरल्या वेळी डोळ्यात थेंब, बाकी सगळं पूर्वीसारखं. आणि मी मनाची समजूत काढून मोकळा झालो. मधलं शाबूत आहे ना? मग झालं. फोटोला मधलंच तर लागतं. नवरा-नवरी कुठं असतात, मधेच ना? पेपर वाचता येत होता, पोरीच्या तोंडावरची पुटकुळी दिसत होती. मी आंधळा नव्हतो.

तुळशीचं लग्न लागलं आणि पहिलं काम पोखर्णीचं आलं. ह्या घरातलं आधीच्या पिढीचं लग्नबी मीच काढलेलं. आता त्या नवरा-नवरीची पोरगी उभी होती बोहल्यावर. बाप स्वतः सांगायला आला. तो गेल्यावर पोरगी म्हणाली, “पप्पा, हे लग्न मी काढते. पुढचीबी मीच काढते. तुमी स्टुडिओत बसा.”

“कामून? मेलो का मी?”

“तसं न्हाई, पप्पा.”

“मग कसं? बसा म्हणजे काय करू? माशा मारू?” माझा आवाज चढला. “हात बघ माझा, कापतोय का? मधलं सगळं दिसतंय मला!”

 बापाला समोरासमोर नाही म्हणायचं धाडस तिच्यात होतं, पण बापाचं वाईट करायची इच्छा नव्हती. मग मीच पैज मांडली. भर दुपारचं ऊन, काळं वावर, पांढरे बगळे. ह्याच्याइतकं अवघड लग्नात काही नसतं. बगळे नीट आले, त्यांच्या पंखात पीस न् पीस दिसलं, तर हा सीझन माझा. जळाले तर कॅमेरा तुझ्या हातात देतो आणि पुन्हा नाव काढत नाही. पोरीनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, “घे बाई ऐकून. न्हाईतर हे जेवायचे न्हाईत.”

पोरगी रानात आली नाही. म्हणाली, मी आले आणि बिनसलं तर म्हणाल, माझीच नजर लागली. बायको आली. नदीकडच्या अंगाला आमच्या ओळखीच्या एका कास्तकाराचं वावर होतं. सोयाबीन निघून गेलं होतं, हरभरा पेरायचा म्हणून तो ट्रॅक्टर फिरवत होता. ऑटोनं आम्ही तिथं उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मातीचा ताजा वास, आणि ट्रॅक्टरमागं बगळ्यांचा सगळा थवा. थंडीच्या दिवसात बगळा निखळ पांढरा असतो, अंगावर पावसाळ्यातल्या तांबूस रंगाचा मागमूस नाही. बघून छाती भरून आली.

मी स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावली. स्क्रीनमुळंच माझं वाटोळं झालं होतं, आता तिच्याकडं बघायचंच नाही. आकडे वाचायचे नाहीत, मीटर बघायचं नाही, फक्त ऊन. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता आणि माझ्या पायाशी सावली चाकूनं कापल्यासारखी पडली होती. वस्तादाचं सोळाचं गणित मांडलं. पक्षी हलता, म्हणून तोच हिशेब वेगवान शटरला बसवला. डायल आधी पार टोकापर्यंत फिरवली आणि तिथून एकेक खाच मोजत मागं आणली. बोटाला खाचा लागत होत्या. पांढऱ्यासाठी एक स्टॉप राखला. डोळ्याचं काहीच काम नव्हतं, बोटांनाच सगळं ठाऊक होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो.

बगळे उन्हाच्या उलट बाजूला होते. बायकोला म्हणलं, जरा पलीकडून जाऊन इकडं वळव. ती गेली. थोड्या वेळानं थवा उठला आणि पाहिजे तिथं उतरला. ती परत आली असणार असं धरून मी बांधावर बसलो आणि कामाला लागलो. एक बगळा मधे घेतला. मान वाकडी करून तो ढेकळात बघत होता. घेतला. पंख पसरला, घेतला. ट्रॅक्टर वळला, सगळे भुर्रकन उठले, पुन्हा बसले, घेतले.

“बघ,” मी मागं न वळता बायकोला म्हणलं, “हात इसरत न्हाई माणसाचा. पोखर्णीचं लग्न तर मी असं काढतो की बघत ऱ्हावं.”

ती बोलली नाही.

“आगं, बोल की. मिठाची गुळणी धरली का? बापाला घरी बसवायला निघाल्यात मायलेकी.”

तरी नाही. रुसली असेल म्हणून मी सोडून दिलं आणि आणखी फोटो घेतले. मन भरल्यावर उठलो तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती.  रस्त्यावर येईपर्यंत तिनं माझा दंड धरून ठेवला. आमच्याकडं नवराबायको चारचौघांत असं चालत नाहीत. मी हात सोडवायला गेलो तर तिनं घट्ट धरला.

स्टुडिओत पोरीनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून उभा. पहिलाच फोटो तिनं मोठा केला आणि माझ्या तोंडून आपोआप “आहाहा” आलं. पांढरा कसला, त्यात शंभर रंग होते. पंखाच्या खाली निळसर सावली. मानेवरची बारीक पिसं वाऱ्यानं विस्कटलेली, एकेक वेगळं. पाठीवर ऊन आणि त्या उन्हातसुद्धा पिसाच्या काड्या दिसत होत्या. माती काळीच्या काळी. पोरीनं तो आलेख उघडला, ज्यात पांढरं जळालं की रेघ उजव्या भिंतीला चिकटते. रेघ भिंतीच्या अलीकडंच थांबली होती.

“बोल आता!” मी टेबलावर हात आपटला. “कुठं जळालाय? दाखव! लाव पोखर्णीला फोन, सांग, मीच येणार हाय.”

पोरीनं पुढचा फोटो उघडला. मग त्याच्या पुढचा. मग ती थांबली. “बरोबर हाय, पप्पा,” ती म्हणाली. “एक्स्पोजर लय बरोबर हाय.” आणि जरा वेळानं, “पण आई फ्रेममधी कामून हाय?”

“कुठली आई?”

“आपली आई. ही काय.”

तिनं बोट ठेवलं ते मला दिसेना. मी मान वळवली, तोंड पडद्याच्या डाव्या कोपऱ्याजवळ नेलं, तेव्हा सापडली. बगळ्यांच्या पलीकडं, काळ्या ढेकळांत, पिवळ्या लुगड्यात माझी बायको उभी. अख्खी, डोक्यापासून पायापर्यंत. पुढच्या फोटोत तीच, एक हात वर केलेला. त्याच्या पुढच्यात दोन्ही हात वर. एवढं लख्ख ऊन, एवढा पिवळा रंग, आणि एक्स्पोजर असं बरोबर की तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मोजता येत होत्या. त्या वेळी मी तिच्याशी बोलत होतो. माझ्या पाठीमागं बसलेल्या बायकोशी.

ती दारात उभी होती. मी वळून विचारलं, “तू तिकडंच होतीस?”

“तुमीच म्हणलाव, बगळे वळव. वळवले. हात करून इचारलं, बस का, का अजून सारू? तुमी काहीच खूण करंनात.” तिनं पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “मला वाटलं इनोद करायलेत. माझ्याकडंच तर बघत होताव तुमी. सारखे माझ्याकडंच बघत होताव.”

मग मला मे महिन्यातलं एक लग्न आठवलं. नवरीच्या मावशीनं भांडण काढलं होतं की घरच्यांच्या फोटोत तिला अर्धी कापली, मुद्दाम कापली. मी तिला भर मंडपात झापलं होतं. म्हणलं, तुमीच नीट उभ्या राहिल्या नाहीत. त्या हंगामात असं आणखी किती जणांना कापलं असेल, देवाला ठाऊक. आजी, आत्या, दाराशी टेकून उभा असलेला कुणी भाऊ. त्यांना कुणी परत उभं करणार नव्हतं.

पोरगी फोटो बंद करायला लागली तर मी म्हणलं, राहू दे. बायकोचा दोन्ही हात वर केलेला फोटो बराच वेळ बघितला. चांगला फोटो होता. पोरीनं पैजेचा विषय काढला नाही. तिला काढायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोखर्णीला मीच फोन लावला. नवरीच्या बापाला सांगितलं, लग्न माझी पोरगी काढील, हात लय चांगला हाय तिचा, काळजी करू नका. तो बिचारा गोंधळला.

“पर तुमी याल न?”

“येतो की,” मी म्हणलं. “जेवायला येतो.”